लाल शाई आणि पंचगव्याची पळी

२१ ऑगस्ट १९६७. सकाळपासून बाटल्यांवरची बुरशी पुसते आहे. मालवणात श्रावणात लोणच्याच्या बरणीपासून देवघरातल्या पाटापर्यंत सगळ्यांवर पांढरी लव चढते, मग शाईनेच काय घोडं मारलंय? कडुनिंबाच्या काढ्यात फडकं पिळायचं, बाटली पुसायची, बूच काढून वास घ्यायचा. आंबूस वास आला तर परसात ओतायची. बरा असेल तर वरची साय काढून बाटली चुलीवरच्या फळीवर ठेवायची, धुराच्या उबेला. आज हिरवी ओतावी लागली. तपकिरी आणि लाल तगल्या.

या कामातच दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं. त्यांना ‘रंगांच्या सहवासातील हळुवार आठवणी’ हव्या आहेत. हळुवार आठवणी माझ्याजवळ नाहीत. घोटून घोटून उजवा खांदा दुखतो आणि नखांच्या कडा कायमच्या काळ्या झाल्या आहेत. त्याबद्दल लिहिलेलं चालत असेल तर लिहिते.

मी शाया करते. दुकानात मिळते ती दौतीतली निळी शाई नव्हे. ती कारकुनांसाठी आणि शाळेतल्या पोरांसाठी असते. माझी शाई बोरूने लिहिणाऱ्यांसाठी. जे अक्षर वाचायच्या आधी बघायचं असतं, त्यासाठी. मानपत्र, जन्मपत्रिका, ग्रामदेवतेपुढे ठेवायची पहिली लग्नपत्रिका, वाचनालयाचं हस्तलिखित. गिऱ्हाईक येतं, कसला रंग हवा ते सांगतं किंवा नमुना दाखवतं, आणि मी तो जमवते.

हा धंदा माझ्या सासऱ्यांचा. मामंजी तरुणपणी संस्थानी कचेरीत होते, तिथे शाई करायला शिकले आणि घरी परत आल्यावर त्यावर पोट चालवलं. माझा नवरा मुंबईला गोदीत नोकरीला होता, तिथेच तापाने गेला. घरात मामंजी आणि मी उरलो. पुढे काही वर्षांत मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू आले. काळा आणि गडद निळा यांतला फरक त्यांना कळेनासा झाला तेव्हा खल-बत्ता माझ्याकडे आला. त्यासाठी कोणी नारळ फोडला नाही. ते ओटीवर बसून गिऱ्हाइकांशी बोलायचे, मी मागच्या पडवीत घोटायची. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याची शाई. मला त्याचं काही वाटत नव्हतं. काम वेळेवर होत होतं.

बाहेरच्यांना वाटतं, रंगात पाणी घातलं की शाई झाली. तसं नसतं. काळीचं सोपं आहे: उंडीच्या तेलाचा दिवा लावायचा, वर मातीचं परळ उपडं घालायचं, जमलेली काजळी बाभळीच्या डिंकात घोटायची. ‘सोपं आहे’ म्हणजे समजायला सोपं. घोटायला दोन दिवस जातात आणि घाई केली तर बोरू अडतो. देशावरचे लोक यात थोडा मध घालतात, त्याने शाई मऊ चालते. आमच्याकडे घालून बघा! समुद्राची हवा मध ओढून घेते, अक्षर आठवडाभर चिकट राहतं आणि पानावर मुंग्यांची रांग लागते. कोल्हापूरच्या एका हौशी माणसाने मला त्यांच्याकडची कृती पाठवली होती. त्यांना उत्तरात एवढंच कळवलं, की मुंग्यांना फार आवडली.

लाल हिंगुळाचा. हिंगूळ काष्ठौषधींच्या दुकानात खड्याने मिळतो. तो कुटायचा, लिंबाच्या रसात खलायचा, पाण्यात ढवळायचा. वर पिवळट पाणी येतं ते टाकायचं आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच करत राहायचं. तोंडात बोट घालायचं नाही, विष आहे. मग डिंकाचं पाणी, आणि खलाचा करकर आवाज थांबेपर्यंत घोटणं. रंग फिरवायचा तो इथे: तांबूस हवा तर रेडीकडची लाल माती गाळून चिमटीभर, गुलाबी झाक हवी तर लाखेचा रंग. बायका सांगायला येतात, आमच्याकडे रातांबे पडलेत, त्यांचाच लाल कर. करून देते. सुंदर दिसतो. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कागदावर नुसता डाग उरतो. हे मी आधीच सांगते, तरी नेतात.

रंग जमवताना दोन गोष्टी पाळायच्या. ओला रंग खोटा, सुकलेला खरा. आणि उजेड उघड्या आभाळाचा हवा. केळीच्या पानांतून आलेल्या उजेडात लाल कधी ठरवू नये, तो नेहमी फसवतो.

विजयदुर्गाचे एक तांडेल आले होते. त्यांचा पडाव, म्हणजे शिडाचं गलबत, मोडीत निघाला होता. त्याचं नाव आणि त्याने पाहिलेली बंदरं एका कागदावर सुरेख अक्षरांत लिहून भिंतीवर लावायची होती, निळ्या शाईत. मी नीळ दाखवली. त्यांनी मान हलवली.

“ह्यां किनाऱ्याचां पाणी. माका भायरचां होयां.”

मी हिरवट झाक दिली. “ह्यां खाडीचां.” मी काळपट केलं. “हां, जवळ इलंस. पण ह्यां पावसातलां. मी पावसात पडाव घालणंय नाय.”

दर खेपेला ते एक सुका बांगडा घेऊन यायचे आणि न पटलेला रंग सांगून जायचे. शेवटी मी निळीत काजळीचं नुसतं बोट बुडवलं आणि कागद उन्हात सुकवून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. “ह्या पाण्यात आमी शीड उतरवलेलां,” म्हणाले आणि पैसे मोजून ठेवले. मला बांगड्यांची सवय झाली होती, ती मोडावी लागली.

दुसरे एक गृहस्थ आले ते कुळकायद्याच्या दिवसांत. स्वच्छ धोतर, हळू आवाज. त्यांना तपकिरी शाई हवी होती, पण ‘आजोबांच्या वेळची वाटेल अशी’. का ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायची गरज पडली नाही. खैराचा कात, थोडा हिराकस आणि लिहून झाल्यावर कागदाला चुलीचा धूर, एवढ्यात काम झालं असतं. मी म्हटलं, “जुनी शाई मी करणंय नाय. ताजी करतंय. घराक न्हेवन सावकाश जुनी करा.” ते रागावून गेले. त्या जमिनीचं पुढे काय झालं कोण जाणे, निदान माझ्या शाईने ती कुणाची गेली नाही.

आता पोथीचं सांगते. संपादकांना हवी असलेली हळुवार आठवण नसली, तरी माझ्या कामाबद्दल सांगण्यासारखं यापेक्षा दुसरं काही नाही.

आचऱ्याच्या वाटेवर एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथल्या देवळात दरवर्षी सप्ताहात देवीच्या माहात्म्याची पोथी वाचतात. ती कसरीने खाल्ली होती. गावाने ठरवलं, नवी उतरवून घ्यायची. लिहिणारे आमच्या इथले भिकू मास्तर. शाळेत चित्रकला शिकवायचे, पण त्यांचं बोरूचं अक्षर असं, की माणसं न वाचता बघत उभी राहायची. पोथीला काळ्याबरोबर लाल लागते. आरंभीचा श्री, प्रत्येक अध्यायाचा आरंभ आणि ओवीच्या शेवटचे दंड लाल.

एका सकाळी त्या गावचे प्रमुख मानकरी तातू गावकर शाई सांगायला आमच्याकडे आले. उंच, दमेकरी माणूस, मनाने वाईट नाही. बरोबर देवळाचे जोशीबुवा. जोशीबुवा पलीकडच्या वाडीत राहायचे, आसपासच्या सगळ्या गावांच्या जन्मपत्रिका आणि लग्नपत्रिका तेच करायचे आणि त्यांची लाल शाई कित्येक वर्षं आमच्याकडून जायची. आजही ते माझं गिऱ्हाईक आहेत, म्हणून जपून लिहिते. फार जपून नाही.

मामंजी तेवढ्यात शेजारी गेले होते. हाक ऐकून मी पडवीतून तशीच ओटीवर आले. कपाळावर कुंकू नाही आणि हात मनगटापर्यंत लाल.

तातू गावकर आधी बोलले. “म्हातारो खंय?”

“शेजाराक गेलेत. बसा.”

“आणि तू काय करतंस ह्यां?”

“लाल घोटतंय.”

जोशीबुवा बसता बसता उभे राहिले. ते आमच्याशी पुस्तकी मराठीत बोलायचे. “किती दिवस चाललंय हे?”

“मामंजींचे डोळे गेले तेव्हापासून.”

“म्हणजे मी ज्या पत्रिका लिहिल्या...”

“सगळ्या. तुमच्या नातवाची पण. नातू बरा आहे ना?”

नातू दणकट होता, सगळ्या गावाला माहीत होतं. त्यामुळे बुवांना जास्तच राग आला. ज्या बाईने लाल लावायचं नाही, तिच्या हातचा लाल देवीच्या श्रीला आणि नवरीच्या पत्रिकेला? त्यांनी हे मला सांगितलं नाही, तातू गावकरांना सांगितलं, मी तिथे नसल्यासारखं. काळी चालेल, म्हणाले. लाल नाही.

एवढ्यात मामंजी आले. तातू गावकरांना भांडण नको होतं, त्यांनी लगेच मार्ग काढला. गावात सांगायचं, लाल म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने केली. ही मागे पडवीत काय करते ते कोण बघायला येतंय? जोशीबुवांनी आकाशाकडे बघितलं, म्हणजे त्यांना चाललं असतं. मामंजींनी ‘बघतंय’ म्हणून त्यांना वाटेला लावलं.

ते गेल्यावर मामंजी म्हणाले, “माझ्या नावान जाऊंदे गो. शाई काय तोंडान बोलतली?”

“शाई बोलूची नाय. मी बोलतलंय.”

“दोन तोंडां आसत घरात. तेंचो इचार कर.”

विचार मी त्यांच्याआधी केला होता. काळ्या शाईवर घर चालत नव्हतं. पत्रिका लाल, मानपत्राचा मथळा लाल, सणासमारंभाचं सगळं लाल. आज पडवीत लपून लाल केली, तर उद्या मामंजी गेल्यावर कुणाच्या नावाने करू? त्या दिवसापासून माझ्या हातची लाल बंद झाली असती आणि मी दुसऱ्यांची भांडी घासायला गेले असते. हे मी त्यांना अशाच शब्दांत सांगितलं. ते चिडले. दोन दिवस आम्ही एकमेकांशी ‘पेज वाढू?’ आणि ‘वाढ’ एवढंच बोललो. तिसऱ्या दिवशी मी तातू गावकरांना निरोप पाठवला: लाल हवी तर माझी म्हणून न्या, नाहीतर काळीही मिळणार नाही.

जोशीबुवांनी आमची लाल बंद केलीच, शिवाय जिथे जिथे पत्रिका लिहिल्या तिथे तिथे कारणही सांगितलं. मार्गशीर्षात, ऐन लग्नसराईच्या तोंडावर, लालच्या बाटल्या फळीवर तशाच राहिल्या. मी रोज हलवून ठेवायची, नाहीतर हिंगूळ तळाला बसतो. आचऱ्याची एक ओळखीची बाई देवळात भेटली, म्हणाली, “कशाक गो ह्यो हट? काळी काय वायट?” मी म्हटलं, काळी वाईट नाही, लालही वाईट नाही.

तातू गावकर मग भिकू मास्तरांकडे गेले. मास्तरांनी मला नंतर सगळं नकलेसकट सांगितलं. गावकर म्हणाले, मास्तर, तुम्हीच दुसरी शाई बघा. मास्तर म्हणाले, “माका तिची शाई होयी, तिचां कपाळ कशाक बघू? आणि तुमका इतकोच संशय आसा तर देवीकच विचारा. नायतरी म्हस हरवली तरी तुमी कौल लावतास.”

मास्तरांनी चेष्टा केली होती. गावकरांना ती पटली. आमच्याकडे गावाला पेच पडला की गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजव्या बाजूची आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. भरल्या देवळात गुरवाने विचारलं: बा महामाये, म्हाताऱ्याच्या सुनेच्या हातची लाल शाई तुझ्या पोथयेक चलात, तर उजवो दी. सगळे म्हणाले, व्हय महाराजा! मास्तर सांगत होते, की पाकळी बराच वेळ हलेना, लोकांचे पाय अवघडले, जोशीबुवांच्या चेहऱ्यावर तेज आलं. आणि मग उजवी पडली.

तातू गावकर दुसऱ्याच दिवशी हजर. मामंजींसमोर बसून म्हणाले, “देवीन हुकूम दिल्यान. आता सुनेक सांगा, करूक घे म्हणान.”

मी आतून बाहेर आले. “तुमी देवीक विचारल्यात, मामंजींक सांगल्यात. माका खंय विचारल्यात?”

“तुका काय विचारूचां? तू करतलंस मां?”

“विचारून बघा.”

त्यांनी मामंजींकडे पाहिलं. मामंजींना दिसत नव्हतं तरी ते दुसरीकडे बघत होते. गावकरांना खोकल्याची उबळ आली. ती संपल्यावर ते म्हणाले, “बरां बाये. करशीत गो आमच्या पोथयेक लाल?”

“करतंय. पण बाटली मीच घेवन येतलंय. आणि कोणी विचारल्यान तर माझी म्हणान सांगतलंय.”

“कोण विचारता?” ते म्हणाले.

“विचारतले.”

त्यांना रंग हवा होता तो देवीला वाहतात त्या जास्वंदीचा. जुन्या पोथीचं एक खाल्लेलं पान मी मागून घेतलं, कारण जास्वंद सकाळी एक असते आणि दुपारी दुसरी. जुना लाल थोडा तांबूस होता. मी लाखेला हात लावला नाही, रेडीची माती कणभर घातली. अंगणाच्या मधोमध उभी राहून सुकवून पाहिला. तिसऱ्यांदा जमला. मामंजी आता बोलायला लागले होते. खलाजवळ कान लावून म्हणाले, अजून करकरता. मग मी आणखी घोटली.

लेखनाच्या आरंभाच्या दिवशी मी चालत निघाले. टोपलीत दोन बाटल्या, मध्ये गवत. दोन कशाला, तर वाटेत ठेच लागली तर एक तरी वाचावी म्हणून. मी काच नेहमी अशीच नेते.

सभामंडपात गाव जमलं होतं. मधे पाट, पाटावर हातकागद, बाजूला भिकू मास्तर मांडी घालून बोरू तासत बसलेले. तातू गावकरांनी माझ्या हातची बाटली घेतली आणि पूजेच्या चौरंगावर ठेवली. मी बायकांत जाऊन बसले. जोशीबुवांनी मंत्र सुरू केले. त्यांच्या पुढ्यात ताम्हनात पंचगव्य कालवलेलं होतं. दूध, दही, तूप, गोमूत्र आणि शेण. मला वाटलं बाटलीवर शिंपडतील. बाहेरून कितीही शिंपडलं तरी मला चाललं असतं, काच पुसता येते.

त्यांनी बूच काढलं. पळी भरली. मी उभी राहून ओरडले, “बुवा, आत नको!”

त्यांना वाटलं मी शुद्धीलाच विरोध करते आहे. त्यांनी माझ्याकडे बघत, सावकाश, पळी बाटलीत उपडी केली. वर बूच लावून बाटली हलवलीसुद्धा. देवीने बाई चालते म्हटलं होतं, शुद्धी नको असं म्हटलं नव्हतं, असा त्यांचा हिशेब.

मास्तरांना यातलं काही दिसलं नव्हतं, त्यांचं लक्ष बोरूच्या टोकावर. मी पुढे जाऊ लागले तर बायकांनी पदर धरून मला खाली बसवलं, मधे उठू नये म्हणून. तेवढ्यात कुणीतरी ती लाल दौतीत ओतली, मास्तरांनी बोरू बुडवला आणि पहिल्या पानावर श्री काढला.

तुपाने काय होतं ते कुठल्याही घरातल्या बाईला विचारा. शाई कागदाला धरेना. अक्षराच्या रेघेवर लालचे थेंब थेंब उभे राहिले, मधे पांढरं, आणि सगळ्या श्रीभोवती तेलकट कड पसरत गेली. वरून दह्याच्या गुठळ्या. मास्तरांनी बोरू नाकाशी नेला.

“शिरा पडली! कोणी काय घातल्यान हेच्यात?”

“पंचगव्य,” जोशीबुवा म्हणाले. “शुद्धीसाठी.”

“अहो भटानू, शाई आसा ती! आमटी न्हय फोडणी घालूक!”

पोरं हसली, मग मोठी माणसं हसली. तातू गावकर हसले नाहीत. हातकागद लांबून मागवलेला होता आणि पहिलंच पान वाया गेलं होतं. ते माझ्याकडे आले. “दुसरी आसा?”

“आसा.”

“दी.”

मी बाटली टोपलीतून काढली आणि मांडीवर ठेवली. दिली नाही. “हेच्यात कोण काय घालूचो नाय.”

जोशीबुवा म्हणाले, “शुद्धीशिवाय ती शाई देवीच्या पोथीला लागणार नाही.”

“मग सगळी पोथी काळ्यात लिहा,” मी म्हटलं. “काळी चालते म्हणून तुम्हीच सांगितलंत.”

इथे हो झालं तर आसपासच्या गावांत माझी लाल चालणार होती. नाही झालं तर देवीच्या देवळातून परत आलेली लाल कुणीच घेतली नसती. घरी पडवीत बसून म्हणणं वेगळं आणि सगळ्या गावासमोर बसून म्हणणं वेगळं. पण एकदा बाटली मांडीवर ठेवल्यावर ती उचलून मुकाट्याने देणं मला जमलं नसतं.

गुरव मधे पडला. चांगल्या मनाने म्हणाला, “परत एकदा कौल लावया?”

“नको रे बाबा,” मी म्हटलं. “देवीन एकदा सांगल्यान. एकच गोष्ट कितके खेपे विचारतास तिका?”

मागून कुणीतरी ‘व्हय महाराजा’ म्हणालं, अगदी गाऱ्हाण्यातल्यासारखं ओढून. पुन्हा हशा. तातू गावकरांनी एकदा जोशीबुवांकडे पाहिलं, एकदा फुकट गेलेल्या पानाकडे. मग म्हणाले, “मास्तरानू, दौत पुसून घेवा. बाये, तूच येवन वत.”

मी उठले. या वेळी कुणी पदर धरला नाही. मास्तरांनी दौत धोतराच्या सोग्याने लख्ख पुसली. मी लाल ओतली, बूच लावलं आणि तिथेच पाटाशी उभी राहिले. दुसऱ्या पानावर त्यांनी श्री काढला. ओला होता तोवर मी बघितलाच नाही. सुकल्यावर बघितला. जुन्या पानातला लाल होता तोच.

जोशीबुवा उठून गेले होते.

पोथी पुढे दोन महिन्यांनी पुरी झाली. त्या गावच्या सप्ताहाला मी एकदा गेले होते. पोथी रेशमी फडक्यात असते. वाचणाऱ्यांना माहात्म्य पाठ आहे, त्यामुळे ते पान उलटतात पण पानाकडे बघत नाहीत. भिकू मास्तरांच्या हातचं तसं अक्षर पुन्हा कुणी लिहून घेतलं नाही. पत्रिका छापखान्यात जायला लागल्या आणि मास्तर आता सुट्टीत दुकानांच्या पाट्या रंगवतात, डब्यातल्या तयार रंगाने. याचं मला वाईट वाटतं. मास्तरांना वाटत नाही, ते म्हणतात पाटी सगळे वाचतात.

पोथीचा श्री काढला त्या संध्याकाळी मी घरी पोचले तर मामंजी अंगणात उभे होते.

“काय झालां?”

मी पाय धुता धुता सगळं सांगितलं. पंचगव्यापर्यंत आले तेव्हा ते बसले.

“पानां कितकी गेली?”

“एकच.”

“आणि भट?”

“प्रसादाच्या आधीच गेलो.”

मामंजी इतके हसले, की ठसका लागून मला पाठ चोळावी लागली. डोळे पुसून म्हणाले, “लाल कसो इलो?”

“सुकल्यार बरो इलो.”

“तुझ्या हातचो आसा म्हणान सांगलंस?”

“सांगूक लागला नाय. सगळ्यांनी बघल्यानी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलीकडच्या वाडीत गेले. जोशीबुवा अंगणात उभे राहून राखुंडीने दात घाशीत होते. टोपलीतून मी दोन बाटल्या काढल्या, एक देवळातून परत आणलेली आणि एक घरच्या फळीवरची, आणि त्यांच्या ओटीच्या कडेवर शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत तूप वर तरंगत होतं. “ही तुम्ही शुद्ध केलेली,” म्हटलं, “आणि ही माझी. पत्रिकांना कुठली वापरायची ते बघा.” त्यांच्या तोंडात राखुंडी होती आणि ते चूळ भरेपर्यंत थांबायला मला वेळ नव्हता. बाजारातून हिराकस आणायचा होता.